उल्वमीरात नुसते डास

"या उन्हाळ्यात आपलं गेस्ट हाऊस इंटरनेटवर पहिल्या नंबरला आणलं नाही, तर नाव बदलीन," असं सिग्नेने भर नाश्त्याला जाहीर केलं, आणि तिथेच तिचं पहिलं चुकलं. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, काठी माणसं असं जाहीर काही बोलत नाहीत. करायचं ते गुपचूप करतात, आणि जमलं तर "वाईट नाही झालं" एवढंच पुटपुटतात.

तिचा नवरा ओद्वार समोरच्या बेटावर जाणारी फेरीबोट चालवतो. दिवसभर इंजिनाच्या आवाजात राहिल्यामुळे की काय, बोलण्याची त्याला हौस नाही. त्याने ब्रेडवर तपकिरी चीजची चकती ठेवली, ती नीट सारखी केली आणि विचारलं, "नाव काय ठेवशील?"

सिग्नेच्या जिवाचा संताप झाला. पण संतापण्यासारखं कारण खरंच होतं. घराच्या वरच्या मजल्यावर तिने खोल्या काढल्या होत्या, स्वच्छ, उबदार, खिडकीतून फ्योर्ड दिसेल अशा. वेबसाइटही केली होती. पण आमच्या गावाचं नाव टाकून कुणी "राहायची सोय" असं शोधलं, की आधी दुसऱ्याच खोऱ्यातला प्लंबर निघायचा, मग एक बंद पडलेलं कुत्र्यांचं पाळणाघर, आणि सिग्नेच्या खोल्या पार चौथ्या पानावर. चौथ्या पानावर जातो कोण? रस्ता चुकलेला सुद्धा जात नाही.

म्हणून वेबसाइट वर कशी आणावी हे शिकवणाऱ्या तालुक्याच्या फुकट शिबिराला ती गेली. शिकवायला ट्रॉनहाइमहून मारेन नावाची बाई आली होती. तरतरीत, गोड बोलणारी, आणि मुख्य म्हणजे शहरातली.

"लोक तुमचं नाव शोधत नाहीत हो," मारेन म्हणाली. "त्यांना पडलेला प्रश्न शोधतात. तो प्रश्न मथळ्यात घ्या आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या. एका पानाला एकच विषय. मोघम लिहू नका. जागेचं नाव लिहा, रस्ता लिहा, गाडी कुठे लावायची ते लिहा. आणि दुसऱ्या कुणी स्वतःच्या वेबसाइटवरून तुमच्या पानाचा दुवा दिला, तर सोन्याहून पिवळं."

सिग्नेने सगळं मन लावून ऐकलं. मग मारेनने आमच्या भागातली माणसं जुलै महिन्यात सर्वांत जास्त काय शोधतात ते पडद्यावर दाखवलं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "मुल्टे कुठे मिळतात?"

सभागृहात अशी शांतता पसरली की बाहेरच्या मेंढ्या ऐकू यायला लागल्या. मारेनला वाटलं, प्रोजेक्टर बिघडला.

तिला बिचारीला काय माहीत. मुल्टे म्हणजे दलदलीत उगवणारं बोराएवढं केशरी फळ. कच्चं असताना लाल आणि टणक, पिकलं की मऊ. फेटलेल्या सायीत घालून खाल्लं की माणूस वर्षभर त्याच आठवणीवर काढतो. आमच्याकडे माणसाला त्याचं आजारपण विचारावं, घटस्फोट का झाला ते विचारावं, पण मुल्टेची जागा विचारू नये. विचारलीच तर तो सांगेल. जी सांगेल ती खोटी असेल. आणि ऐकणाऱ्यालाही ती खोटी आहे हे ठाऊक असेल. याला आमच्याकडे सभ्यता म्हणतात.

सिग्नेची सासू बोर्गहिल्ड ही या सभ्यतेतली गावातली सर्वांत मुरलेली बाई. ऑगस्ट उजाडला की ती रबरी बूट चढवायची, खांद्याला पिशवी अडकवायची, हातात मासे धरायची काठी घ्यायची आणि निघायची. संध्याकाळी परत यायची. "मासे?" कुणी विचारलं तर "नाही मिळाले" म्हणायची. मिळणार कुठून, काठीला गळच नव्हता. पिशवीत मात्र काठोकाठ भरलेला डबा असायचा.

ती जागा कुठे, हे बोर्गहिल्डने कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोराला तर नाहीच. ओद्वार एरवी मुका असला, तरी दोन बिअर पोटात गेल्या की त्याच्या पोटात काही राहत नाही. पण या वर्षी तिचे गुडघे बोलायला लागले होते. वसंतात एकदा भांडी पुसता पुसता ती सिग्नेला म्हणाली होती, "पिकले की तुला नेते."

बस, एवढंच. पण सिग्ने त्या दिवशी परसात जाऊन रडली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोन पोरं वाढवली, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढलं, तरी मुल्टेची जागा दाखवेपर्यंत आमच्याकडे सून पाहुणीच असते. त्या एका वाक्याची तिने किती वाट पाहिली होती ते तिचं तिलाच माहीत.

तेव्हा पडद्यावरचा तोच प्रश्न मथळ्यात घेऊन पान लिहिताना सिग्ने काही वेडेपणा करणार नव्हती. खरी जागा तिला माहीत नव्हती, आणि असती तरी लिहिली नसती. तिने सरळ ठरवलं, खोटं लिहायचं. चांगल्या घरातली सगळी माणसं हेच करतात. फक्त दलदल अशी हवी, की तिथे खरोखरच काही नसावं. कुणाचं नुकसान नको.

"आई," तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "उल्वमीराच्या दलदलीत कधी काही मिळतं का हो?"

बोर्गहिल्ड मोजे विणत होती. तिने मान वर केली नाही. "नुसते डास."

खात्रीसाठी सिग्नेने दुकानात टोरलाइफकाकांना विचारलं. टोरलाइफ आमच्या गावसंस्थेचा अध्यक्ष. गावात कुणी काय करू नये, याच्या पाट्या लावण्याचं काम तो आवडीने करतो.

"उल्वमीर? डास आहेत तिथे," तो म्हणाला.

झालं, ठरलं. सिग्नेने पान लिहिलं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर लिहिलं. मथळा, "मुल्टे कुठे मिळतात?" पहिल्याच ओळीत उत्तर, "उल्वमीरात, भरपूर." मग पूल ओलांडून डावीकडचा रस्ता, टोरलाइफच्या गवताच्या शेताच्या फाटकापाशी गाडी लावायची सोय, तिथून बर्चच्या झाडांमधली पायवाट. फोटोंना नावं दिली. सगळं मारेनने सांगितलं तसं.

थोड्याच दिवसांत पान वर चढलं. पहिल्या नंबरला. प्लंबर खाली, कुत्र्यांचं पाळणाघर त्याच्याही खाली. सिग्नेने ओद्वारला उठवून दाखवलं.

"वाईट नाही झालं," ओद्वार म्हणाला आणि कुशीवर वळला.

गावातही कौतुक झालं. टोरलाइफ दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "सिग्ने, खोटं बोलावं तर तुझ्यासारखं. गाडी कुठे लावायची ते पण दिलंस, आं?" सिग्ने लाजली. चर्चच्या पाळकांच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पान वाचलं सगळ्यांनी, पण उल्वमीराकडे एक कुत्रं फिरकलं नाही. मुल्टेची जागा उघड सांगणाऱ्यावर विश्वास ठेवेल असा माणूस आमच्या देशात जन्माला यायचाय. खोल्याही रिकाम्याच राहिल्या. पण सिग्ने म्हणाली, होईल हळूहळू.

आणि मग ते डच जोडपं आलं.

राहायला नाही, त्यांची स्वतःची गाडीच घरासारखी होती. दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, उन्हाने लाल झालेली, डासांनी फोडून काढलेली. हानेके नावाची ती बाई सिग्नेच्या गळ्यातच पडली. तिचा नवरा वाउटर याने हातातली बादली टेबलावर ठेवली. बादली केशरी मुल्टेंनी शिगोशीग भरली होती.

"आभार मानायला आलो," वाउटर म्हणाला. "तुमची वेबसाइट फार छान आहे. अगदी लिहिलंय तस्संच. पूल, मग डावीकडे, मग बर्चची झाडं. आम्हाला वाटलं नव्हतं इतके असतील."

सिग्नेला आधी काही कळेचना. "कुठून आणलेत हे?"

"उल्वमीरातून. तुम्हीच तर लिहिलंय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोर्गहिल्ड वॅफलचं पीठ कालवत होती. चमचा थांबला. तिने बादलीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा बादलीकडे. तोंडातून शब्द नाही. डच जोडप्याने मात्र शब्दांची काही कमी पडू दिली नाही. कुठल्या कोपऱ्यात जास्त आहेत, उद्या पुन्हा कसे जाणार आहेत, मित्रांच्या गटावर फोटो टाकल्यावर किती जण यायला निघालेत, सगळं साग्रसंगीत सांगून, कॉफी पिऊन ती दोघं गेली.

"ते पान तू लिहिलंस?" बोर्गहिल्डने विचारलं.

"आई, मी खोटं लिहिलं होतं. शपथेवर सांगते, मुद्दाम खोटं लिहिलं होतं."

"खोटं बोलायला तुला सगळ्या खोऱ्यात दुसरी दलदल मिळाली नाही?"

"तुम्हीच म्हणालात, तिथे नुसते डास आहेत म्हणून!"

"मग काय म्हणणार?" बोर्गहिल्ड म्हणाली. "चाळीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगतेय. तू घरातली आहेस. तुला एवढं कळू नये?"

तिने पीठ तसंच टाकलं, स्वेटर घातला आणि परसाच्या पलीकडच्या आपल्या घरी निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर सिग्नेला बरं वाटलं असतं. आमच्याकडे खरा राग आला की दार फार हळू लावतात.

सिग्नेने त्या क्षणी पान उडवून टाकलं. मग शोधून पाहिलं. यादीत पान आपलं पहिल्या नंबरवर, तसंच्या तसं, खाली दोन ओळींत पूल आणि डावा रस्ता. दाबलं तर पान नाही, पण दाबायची गरजच काय? पत्ता वरच छापलेला. तिने मारेनला फोन लावला.

"अहो, उडवलंत कशाला?" मारेन कळवळली. "यादीतून जायला वेळ लागतो. उलट तेच पान परत टाका आणि मजकूर बदला. नवा मजकूर लवकर उचलला जातो."

"खोटं होतं ते खरं निघालं हो."

"मग उत्तमच की," मारेन म्हणाली.

या बाईला समजावण्यात अर्थ नव्हता. सिग्नेने पान परत टाकलं आणि रागारागाने नवा मजकूर लिहिला. "मुल्टे कुठे मिळतात? उल्वमीरात नाहीत. उल्वमीरात मुल्टे अजिबात नाहीत. उल्वमीरात नुसते डास आहेत. कृपया उल्वमीराकडे जाऊ नये."

ओद्वारने तिच्या खांद्यावरून वाचलं. "अगं," तो म्हणाला.

"काय अगं?"

"काही नाही."

"बोल ना, तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहेस?"

"उल्वमीर किती वेळा लिहिलंस?"

सिग्ने इथेच जन्मली, इथेच वाढली, पण डोक्यात राख घालून घेतली की जन्माचं शहाणपण विसरायला होतं. एक तर जितक्या वेळा नाव, तितकं पान पहिल्या नंबरला घट्ट बसलं. आणि दुसरं म्हणजे, जोवर तिथे मुल्टे आहेत असं लिहिलं होतं, तोवर गाव हसत होतं. "तिथे काहीच नाही, जाऊ नका" हे वाचलं मात्र, आणि सगळं खोरं एकदम गंभीर झालं.

दुसऱ्या सकाळपासून पुलावरून गाड्यांची रांग लागली. शेजारच्या खोऱ्यातले आले, शहरातले आले, आपापल्या गुप्त जागा वर्षानुवर्षं जपणारी आमचीच माणसं पिशव्या लपवत आली. पाळकांची बायको डोक्यावरून जाळी ओढून आली, म्हणजे डासही नकोत आणि ओळखही नको. लोक सिग्नेच्या अंगणात गाड्या वळवायचे, तिचा संडास वापरायचे, तिच्याकडे बादली आहे का विचारायचे. खोली एकानेही विचारली नाही.

टोरलाइफच्या शेताचं फाटक अडलं, तेव्हा तो खवळला. त्याने गावसंस्थेच्या वेबसाइटवर जाहीर सूचना टाकली. "खालील पानावरील माहितीवर कुणीही विश्वास ठेवू नये," आणि खाली सिग्नेच्या पानाचा दुवा. वर ठळक अक्षरात, लांबूनही चुकू नये असा.

फोन वाजला. मारेन होती.

"अभिनंदन! गावसंस्थेचा दुवा मिळवलात. अहो, लोक वर्षानुवर्षं मागे लागतात तरी मिळत नाही. आता नुसतं 'मुल्टे' टाकलं तरी सगळ्या जिल्ह्यात तुम्ही पहिल्या."

सिग्नेने फोन खाली ठेवला आणि डोकं टेबलावर ठेवलं. पानाचं आता तिला काही वाटत नव्हतं. खोल्यांचंही नाही. परसापलीकडच्या घराच्या खिडकीत सासू बसलेली दिसायची, पुलाकडे बघत, विणकाम मांडीवर तसंच. चाळीस वर्षांची जागा, आणि ती आपण, ज्या एकीला ती दाखवणार होती तिनेच, नकाशासकट वाटून टाकली. सिग्ने दोनदा माफी मागायला गेली. दोन्ही वेळा बोर्गहिल्डने कॉफी दिली आणि हवेबद्दल बोलली. तिसऱ्यांदा जायचं सिग्नेला धाडस झालं नाही.

तिसऱ्यांदा बोर्गहिल्डच आली. सकाळी, रबरी बूट घालून, दोन पिशव्या आणि ती काठी घेऊन.

"चल," ती म्हणाली.

"कुठे? आई, उल्वमीरात जत्रा भरलीय. टोरलाइफकाका काल दिवसभर तिथेच होते. लोक कच्ची लाल फळं सुद्धा ओरबाडतायत."

"म्हणूनच म्हणते, चल. टोरलाइफ आज कुठे आहे?"

"उल्वमीरात."

"पाळकीणबाई?"

"त्याही तिथेच."

"दुकानवाला?"

"दुकान बंद आहे."

"मग," बोर्गहिल्ड म्हणाली, "त्यांच्या दलदलीत कोण आहे?"

सिग्नेने घाईने बूट ओढले. म्हातारी पायऱ्या उतरायला लागली सुद्धा होती. गुडघे कुरकुरत होते, पण चाल अशी, जशी लग्नाला निघालेली.

दोघी पुलाकडे गेल्याच नाहीत. चर्चच्या मागून, टोरलाइफच्या मेंढ्यांच्या गोठ्यावरून, एक ओढा ओलांडून वर चढल्या, आणि समोर एक लांबट दलदल उघडली. पिकलेल्या मुल्टेंनी नुसती केशरी झालेली. माणूस नाही, पाऊल नाही.

"ही टोरलाइफची," बोर्गहिल्ड वाकत म्हणाली. "त्याच्या आजोबांपासून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दर ऑगस्टात तो कुत्रा हरवला म्हणून इकडे शोधायला येतो."

सिग्ने थांबली. "पण त्यांच्याकडे कुत्रा नाही."

"नाहीच," बोर्गहिल्ड म्हणाली. "वेच लवकर. पाळकीणबाईंची अजून व्हायचीय, आणि ती जरा लांब आहे."

दुपार टळेपर्यंत त्यांनी निम्म्या गावाच्या दलदली हिंडून काढल्या. सरकारी रान, मनाई कुणालाच नव्हती, फक्त माहीत कुणाला नव्हतं. प्रत्येक ठिकाणी बोर्गहिल्ड सांगायची, ही कुणाची, तो काय निमित्त काढून येतो, कुठल्या कोपऱ्यात आधी पिकतात. एक जागा नाही, अख्खं खोरं तिने सुनेच्या ओंजळीत ओतलं. सिग्नेचे डोळे भरून आले. तिने डासांवर ढकललं.

"आई, तुमच्या उल्वमीराचं वाईट वाटतं हो," ती म्हणाली.

"मलाही वाटतं. फार वाटतं," बोर्गहिल्ड म्हणाली. "चार रात्री डोळा लागला नाही. तुझं तोंड बघू नये असं वाटत होतं. पण दलदल कुठे जात नाही. लोक जातात. आणि ते पान काढू नकोस. ती तुझी बाई काय म्हणाली होती?"

"मजकूर दर मोसमात ताजा करावा, म्हणून."

"मग करत जा."

उतरताना वाटेत टोरलाइफ भेटला. कमरेपर्यंत चिखल, चेहरा सुजलेला, डब्यात मूठभर लाल, टणक फळं. त्याने दोघींच्या पाठीवरच्या पिशव्या पाहिल्या, मग काठी पाहिली.

"मासे?" त्याने विचारलं.

बोर्गहिल्ड सुनेकडे बघत होती.

"नाही मिळाले," सिग्ने म्हणाली. डोळ्याची पापणीही न हलवता.

बोर्गहिल्डने मान हलवली आणि काठी सिग्नेच्या हातात दिली. "धर. मला जड होते आता."

दोन दिवसांनी टोरलाइफ सिग्नेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चेहरा उतरलेला. कॉफी समोर निवत होती.

"ते पान काढून टाक," तो म्हणाला. "त्या पानापायी माझं फार नुकसान झालंय."

"फाटकाचं का, काका?"

"फाटकाचं नाही."

"मग? काय गेलं तुमचं?"

टोरलाइफने तोंड उघडलं. बोर्गहिल्डने विणकाम थांबवलं. तक्रार करायची, तर कशाची ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं, तर जागा कुठली ते सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"कुत्रा," तो शेवटी म्हणाला. "कुत्रा हरवलाय."

"अरेरे," बोर्गहिल्ड म्हणाली. "सापडेल हो. सिग्ने, काकांना वॅफल दे."

सिग्नेने वॅफल दिलं, वर फेटलेली साय आणि मुल्टे, सढळ हाताने. टोरलाइफने एक घास घेतला. थांबला. सावकाश चावला. ती चव तो पाळण्यात असल्यापासून ओळखत होता.

"चांगले आहेत," तो म्हणाला. "कुठले?"

"उल्वमीरातले," सिग्ने म्हणाली. "वेबसाइटवर लिहिलंय की."

तो गेल्यावर दोघी सासूसुना एकमेकींकडे न बघता भांडी विसळत राहिल्या. ओद्वार बोटीवरून आला, वॅफल घेऊन संगणकासमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते पान मथळ्यापासून शेवटापर्यंत वाचलं. मग परत वरपासून वाचलं.

"सिग्ने," तो म्हणाला, "आपण खोल्या देतो, हे यात कुठे लिहिलंय?"

सिग्ने ओल्या हातांनी येऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिने वाचलं. पूल होता, डावा रस्ता होता, बर्चची झाडं होती, डास तर कितीदा होते.

"बरं," ओद्वार म्हणाला. "नाव काय ठेवायचं ठरलं?"